वायपर मे महिन्यातच तपासा
जुन्या गाडीच्या वायपरचं रबर उन्हाने कडक होतं आणि पहिल्याच पावसात काचेवर पट्टे उमटतात. म्हणून मे महिन्यातच ओल्या फडक्याने रबराची कड पुसून बघा. काळा मळ निघेल. कड चिरलेली किंवा एका बाजूला कललेली असेल तर पुसून भागत नाही, ब्लेड बदलाच. लांबी दोन्ही बाजूंची वेगवेगळी मोजा, बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरकडचं ब्लेड मोठं असतं.

जुन्या गाड्यांना बहुधा हूकवाला आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा टोकाला वळलेला दांडा असतो. आर्म उचला, हूकमधली छोटी क्लिप दाबा आणि ब्लेड आर्मच्या बुडाकडे सरकवा, सुटतं. पण आधी काचेवर जाड टॉवेल पसराच! मोकळा आर्म स्प्रिंगच्या जोराने आपटला तर काच तडकू शकते. आणि धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर फिरवू नका, आधी पाणी मारा.