चेक इंजिनचा दिवा लागला? खर्चात पाडणाऱ्या या चुका टाळा

गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला, मेस्त्रींनी ऑक्सिजन सेन्सर बदलला, बिल भरलं आणि चार दिवसांत पिवळा दिवा पुन्हा लागला. हे गॅरेजमध्ये सर्रास घडतं, कारण कोड म्हणजे खराब पार्टचं नाव असं धरलं जातं. पी०१७१ एवढंच सांगतो की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ते ज्याने कळवलं तोच हा सेन्सर; बहुतेक वेळा त्याने आपलं काम चोख केलेलं असतं.

मग शोधायचं कुठे? स्कॅनरच्या लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते बघा. हा आकडा शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे १० टक्क्यांत हवा. इंजिन गरम असताना आयडलला (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) तो २०च्या पुढे आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय: निसटलेला व्हॅक्यूम पाइप, चिरलेला रबरी होज, इनटेकचं गॅस्केट. उलट आयडलला ठीक आणि चढावर वाढत असेल, तर पेट्रोल पंपाचं प्रेशर, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) तपासा. एअरफ्लोऐवजी मॅप सेन्सरवर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) चालणाऱ्या गाड्यांत मात्र गळतीची ही खूण इतकी स्पष्ट दिसत नाही.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर दिवा पेट्रोलवर लागला की गॅसवर, हे मेस्त्रींना आवर्जून सांगा. किटचं ट्यूनिंग बिघडलं की ट्रिम भरकटते आणि दोष पेट्रोलच्या बाजूला शोधला जातो.

दुसरी चूक मला जास्त खटकते: स्कॅनर लावल्या लावल्या कोड उडवणं. कोडसोबत फ्रीज फ्रेम, म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या वेळचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान, हेही पुसलं जातं. कधीमधी येणारा बिघाड पकडायला तेवढाच धागा हाती असतो. आधी फोटो काढा, मग उडवा.

गाडी मिसिंग करतेय आणि पी०३०१ आलाय, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर पहिली आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा, कोड उडवा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉइलच गेलीय. पी०३०१ कायम राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमाने जा. या चाचणीला एक पैसा लागत नाही, तरी चारही कॉइल सरसकट बदलणारे भेटतात.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळू शकतो. बाजूला घ्या, टो करून न्या.

पी१ने सुरू होणारे कोड कंपनीगणिक बदलतात. दुसऱ्या गाडीचा अर्थ आपल्या गाडीला लावू नका. एकदम पाच-सहा असंबद्ध कोड आले तर आधी बॅटरीचं व्होल्टेज आणि अर्थिंग बघा. आणि पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, दिसताच कन्व्हर्टर बदलायला होकार देऊ नका. एक्झॉस्टची गळती आणि जुनं मिसफायर तपासून झालं का, हे आधी विचारा.