ओल्या कागदाने शिलालेखाचा ठसा कसा घ्यावा

पारावर किंवा वावराच्या धुऱ्यावर अक्षरं कोरलेला दगड असेल, तर नुसत्या फोटोवर भागवू नका, ओल्या कागदाने त्याचा ठसा घ्या. 1860-61 मध्ये फ्रेंच अभ्यासक अर्नेस्त रेनाँ आजच्या लेबनॉनमधल्या बिब्लोस, सिडॉन, टायरला फिनिशियन या प्राचीन व्यापारी लोकांचे अवशेष धुंडाळत होते, त्या काळातल्या अभ्यासकांची ही पद्धत. खर्च कागद-ब्रशापुरताच.

दगड संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. शेंदूर चढलेला, पूजेतला किंवा पापुद्रे सुटणारा दगड सोडून द्या. शेंदूर खरवडला की त्याखालचं अक्षरही जातं.

कागद बिनखळीचा हवा. प्रयोगशाळेचा फिल्टर पेपर उत्तम. छपाईचा गुळगुळीत कागद खाचेत उतरत नाही. शिवाय दाट केसांचा ब्रश, स्पंज, बादलीभर स्वच्छ पाणी. तारेचा ब्रश, आम्ल, शाई अजिबात नको.

थंडीतली, वारा नसलेली सकाळ निवडा. वैशाखात दगड तापतो, कागदाच्या कडा आधी वाळून उचकटतात आणि ठसा सरकतो.

माती मऊ ब्रशने झाडून दगड ओला करा. भिजवलेला कागद वरच्या कडेपासून खाली सोडा. स्पंजने मधून कडेकडे हवा काढा, मग ब्रश सरळ, आडवा न घासता, ठोकत जा. इथे घाई नको: हवेचा फुगा कान्यावर राहिला तर ‘पा’चा ‘प’ वाचला जातो. कागद फाटला तर ओला तुकडा वरून ठोकून बसवा. खाचा खोल असतील तर दुसरा थर द्या.

आता पूर्ण वाळू द्या. ओला काढलेला कागद ताणतो, अक्षरं चपटी होतात. जॉर्डनमधल्या धिबानचा, फिनिशियनला जवळच्या लिपीतला मेशा या प्राचीन राजाचा शिलालेख आपल्याकडच्यासारख्याच काळ्या बेसाल्टवर होता. तिथल्या लोकांत भांडण पेटल्यामुळे त्याचा ठसा ओलाच ओढून काढावा लागला, त्याच्या चिंध्या झाल्या. पुढे 1869 मध्ये दगडच फोडला गेला, तेव्हा हरवलेल्या ओळी त्या चिंध्यांवरूनच जुळवल्या.

वाळलेल्या ठशावर दगडाकडच्या बाजूने अक्षरं उठावदार पण उलटी, ब्रशच्या बाजूने सुलट दिसतात. कडेला पेन्सिलीने गाव, तारीख, दगडाची जागा आणि तोंडाची दिशा लिहा. घडी घालू नका, सैल गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत ठेवा.