मुंगीसारखी दिसणारी बिनपंखी गांधीलमाशी: ओळखताना या चुका टाळा

येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर फिरताना कधीतरी पायवाटेवर एक केसाळ, लाल-काळी, पोटावर पांढरे ठिपके असलेली मोठी मुंगी एकटीच घाईघाईत पळताना दिसते, आणि लगेच ग्रुपवर फोटो येतो की ही कुठली मुंगी. मुंगी नाहीये ती. गांधीलमाशीच्या खानदानातली मादी आहे, वेल्वेट अँट म्हणतात. मादीला पंख नसतात, नराला असतात, त्यामुळे दोघं एकाच जातीचे आहेत हे बघून कोणाला पटतच नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे रंगावरून ठरवणं. आपल्याकडे झाडांच्या खोडावर टेट्रापोनेरा नावाची खरीखुरी मुंगी असते, डोकं काळं, मधला भाग लालसर, पोट काळं, आणि बऱ्याच वेल्वेट अँटचं पण हेच कॉम्बिनेशन, मग रंग बघून काय कळणार? कंबर बघा. मुंगीच्या कमरेवर एक किंवा दोन गाठी वर आलेल्या असतात, बाजूने बघितलं की अगदी क्लिअर दिसतात. वेल्वेट अँटला तशी उठून दिसणारी गाठ नसते. मग मिशा बघा. मुंगीच्या मिशीचा पहिला तुकडा चांगला लांब असतो आणि तिथून मिशी कोपरासारखी मोडते, वेल्वेट अँटची अशी मोडत नाही, पुढे जाऊन गोलसर वळते. अंगावरची दाट लव तर आहेच, टेट्रापोनेरा त्यामानाने गुळगुळीत असते. आणि हो, ती पण जबरदस्त डंख मारते, तेव्हा मुंगीच आहे म्हणून बिनधास्त होऊ नका.

आता फोटो. सगळे वरून काढतात आणि त्यात नेमकी कंबरच दिसत नाही. ही बाई एका जागी थांबत नाही त्यामुळे सरळ व्हिडिओ घ्या, मोबाईल जमिनीलगत धरून बाजूने, आणि नंतर त्यातली फ्रेम काढा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं ॲप) टाकताना ॲपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून ॲक्सेप्ट करू नका, म्युटिलिडी या वेल्वेट अँटच्या कुळापर्यंत लिहिलंत तरी भरपूर झालं.

हातात घेणं ही चूक मात्र महागात पडते, खासकरून मुलांबरोबर असाल तर. पहिल्या पावसात मृगाचा किडा तळहातावर घ्यायची सवय असते ना, लाल मखमल दिसली की हात आपोआप पुढे जातो. मृगाच्या किड्याला आठ पाय, सगळं अंग लाल आणि मऊ, तो काही करत नाही. हिला सहा पाय, कवच एकदम टणक, धरली तर किरकिर असा बारीक आवाज काढते आणि मग डंख, तोही पुन्हा पुन्हा, प्रचंड दुखतो. काटा आत राहत नाही, उगाच कोरत बसू नका. साबणाने धुवा, बर्फ लावा. चेहरा, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट न बघता हॉस्पिटल, नाहीतर १०८.

स्प्रे मारून वारूळ शोधणारे पण बघितलेत. वारूळ नसतंच, ती एकटी फिरते, जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्यांची आणि गांधीलमाश्यांची बिळं शोधून तिथल्या पिल्लांवर अंडी घालते. तिला तिच्या वाटेने जाऊ द्या.

फ्लॅटमधली गोष्ट वेगळी. गादीवर बारीक, काही मिलीमीटरच्या "मुंग्या" डंख मारतायत, रांग कुठे दिसत नाही, साखरेला हुंगत पण नाहीत आणि मुंग्यांची जेल लावून काही फरक नाही, तर बेथिलिड या दुसऱ्या कुळातली बिनपंखी गांधीलमाशी असू शकते. तिच्यातल्या काही जाती लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढतात, म्हणून आधी जुना पलंग, कपाट, चौकटी तपासा, छोटी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसतो का ते. पेस्ट कंट्रोलवाल्याला मुंग्या झाल्यात असं न सांगता लाकडाला कीड लागलीय असं सांगा आणि ट्रीटमेंट त्या लाकडालाच करून घ्या. नंतर खालची जागा पुसून ठेवा, नवीन भुसा पडला की लगेच कळेल.