विज्ञान प्रदर्शनाआधी ब्रेडबोर्डवरचा रोबो तपासून घेताना

काळ्या पट्टीवरून चालणारा साधा रोबो आर्डुइनोशिवायही (प्रोग्रॅम करायच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाशिवाय) होतो. त्याला दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअर बसवलेल्या छोट्या मोटर), एक एल२९३डी आयसी (मोटर चालवणारी १६ पिनांची चिप), दोन आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर मॉड्यूल, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची छिद्रांची पाटी) आणि एए आकाराचे चार पेन्सिल सेल लागतात. प्रदर्शनाच्या किमान दोन दिवस आधी तपासायला बसा आणि मल्टिमीटर मुलाच्याच हातात द्या. परीक्षक प्रश्न त्यालाच विचारणार आहेत.

सुरुवात सेलपासून. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जागेत नीट बसते म्हणून मुलं तीच आणतात, पण मोटर सुरू होताना लागणारा करंट तिला झेपत नाही. व्होल्टेज कोसळतं आणि रोबो जागच्या जागी थरथरतो. चार अल्कलाइन सेल घ्या आणि व्होल्टेज मोटर फिरत असतानाच मोजा. नुसत्या सेलवरचं रीडिंग फसवं असतं. ५.२ व्होल्टच्या खाली गेलं की सेल बदला.

मग ब्रेडबोर्ड. ८३० छिद्रांच्या बऱ्याच बोर्डांवर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात. सेल काढून मल्टिमीटर बीपवर (जोड सलग असला की आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, पट्टीच्या दोन टोकांना लावा. आवाज आला नाही तर छोट्या वायरने जोडून घ्या. आयसी मधल्या खाचेवर आडवा हवा. त्याची अर्धगोल खूण डावीकडे ठेवली की खालची डावी पिन पहिली. ४, ५, १२, १३ या चारही पिना ग्राउंडला म्हणजे सेलच्या मायनसला, ८ थेट सेलच्या प्लसला. १६ ला प्लस १एन४००७ डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) द्या, म्हणजे सुमारे ५.३ व्होल्ट मिळतात. सेन्सरनाही तिथूनच द्या. १ आणि ९ या मोटर चालू करणाऱ्या पिना डायोडनंतरच्या त्याच प्लसला जोडायच्या राहून जातात. सगळं बरोबर दिसूनही मोटर हलत नसेल तर आधी या दोन पिना बघा. आयसी काही सेकंदांत चटका देण्याइतका तापला तर लगेच सेल काढा: एकतर पिना चुकल्यात किंवा चाक अडकलंय. एका मोटरसाठी तो ६०० मिलिअँपिअरपर्यंतच देतो.

डाव्या सेन्सरचं आउटपुट पिन २ ला, ७ डायोडनंतरच्या प्लसला; उजव्याचं १० ला, १५ त्याच प्लसला. डावी मोटर ३ आणि ६ वर, उजवी ११ आणि १४ वर. नेहमीच्या मॉड्यूलचं आउटपुट पांढऱ्यावर शून्य आणि काळ्यावर प्लस असतं, म्हणून काळ्यावर आलेल्या बाजूची मोटर थांबते आणि रोबो पट्टीकडे वळतो. तुमचं मॉड्यूल असंच वागतं का, ते मोजून बघा. चाक उलटं फिरलं तर त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. रोबो पट्टीपासून दूर पळत असेल तर सेन्सर उलट बाजूंना गेलेत. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर चूक कुठे होती ते कळत नाही.

मोटरच्या बहुतारी वायरी छिद्रात टिकत नाहीत. टोकाला एकतारी वायर सोल्डर करा. मोटरच्या दोन टोकांवर १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर लावा, ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास कमी होतो.

घरी नीट चाललेला रोबो प्रदर्शनात बिघडतो तो बहुतेक वेळा उजेडामुळे. मैदानातल्या मांडवात ऊन तिरपं आत येतं, त्यात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि सेन्सरला काळंही पांढरं दिसू लागतं. हॅलोजनखालीही तेच. सेन्सर जमिनीपासून साधारण १ सेंटिमीटरवर ठेवा, भोवती काळ्या कागदाचा झालरपट्टा लावा आणि मांडवात पोचल्यावर मॉड्यूलवरचा स्क्रू फिरवून सेन्सर पुन्हा जुळवून घ्या: पांढऱ्यावर मॉड्यूलचा दिवा लागला पाहिजे, काळ्यावर विझला पाहिजे. हे स्क्रू फिरवणं मुलाला आधीच येत असायला हवं. पट्टी स्केचपेनने काढू नका. बऱ्याच काळ्या शाई इन्फ्रारेड शोषतच नाहीत. काळी इन्सुलेशन टेप चालते. ती साधारण १८ मिलिमीटर रुंद असते, म्हणून दोन सेन्सरमध्ये २५ ते ३० मिलिमीटर अंतर ठेवा.

सुरगाणा, पेठ, इगतपुरीहून एसटीने नाशिकला येताना जंपर (ब्रेडबोर्डवर खोचलेल्या जोडवायरी) सैल होतात. सेल काढून ठेवा, वायरींवर कागदी टेप लावा आणि पूर्ण जोडणीचा फोटो जवळ ठेवा. सोबत नवे सेल, जादा आयसी, दहा-बारा जंपर, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर घ्या. आयसी आधीच आणून ठेवा, गावाकडे ऐनवेळी तो मिळत नाही.