दिवाळीच्या सुट्टीत पोरांसोबत अठराव्या शतकातलं अमेरिकन गाव घरीच कसं जगायचं

शाळेच्या पुस्तकात अमेरिकेच्या तेरा वसाहती येतात, स्वातंत्र्ययुद्ध येते, पण तिथलं दहा वर्षांचं पोरगं दिवसभर काय करत होतं हे कुठं येत नाही. ते घरी एका दिवसात करून पाहता येते, खर्चही फारसा नाही. फक्त नागपुरात हे दिवाळीनंतरच करा, मे महिन्यात गॅससमोर मेण वितळवायचं नावच काढू नका, आणि दिवाळीनंतर घरात अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या पडलेल्या असतातच, त्या फेकू नका, त्याच लागतात.

आधी पोट्ट्यांना काळ समजू द्या. गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ मध्ये आपलं नागपूर वसवलं आणि तिकडे अमेरिकेतलं विल्यम्सबर्ग हे गाव १६९९ मध्ये तेरा वसाहतींपैकी व्हर्जिनियाची राजधानी झालं, म्हणजे दोन्ही गावं जवळपास एकाच वेळी मोठी व्हायला लागली. महाल या नागपूरच्या जुन्या भागातून कधी चक्कर मारली असेल तर पोरांना हे लगेच समजते.

आता मुख्य गोष्ट. ड्रेसच्या मागे लागू नका. टोप्या, झालरी, फ्रॉक यातच अख्खा दिवस जाते अन् हाती फक्त फोटो येतात. तिथलं लहानपण म्हणजे काम होतं, पाणी आणणं, लाकडं आणणं, सूत कातणं, लोणी काढणं, लहान भावंडं सांभाळणं. म्हणून एकच काम घ्या पण ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पोरांच्याच हातून होऊ द्या. माझ्या मते मेणबत्तीसारखं दुसरं काम नाही.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातला नेता अन् शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनच घ्या ना. १७०६ मध्ये बॉस्टनला जन्म, वडिलांची एकूण सतरा मुलं, आणि वडिलांचा धंदा मेणबत्त्या अन् साबणाचा. दहाव्या वर्षी शाळा सुटली न हा वडिलांच्या हाताखाली वाती कापायला, साचे भरायला लागला, बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या छापखान्यात शिकाऊ म्हणून गेला. तुमचं पोरगं त्याच वयाचं असेल तर हे काम करता करताच सांगा.

तिकडे जनावराची चरबी वापरायचे, आपण मेण घेऊ. मेणबत्त्यांचे तुकडे एका उंच, अरुंद डब्यात टाका, तो डबा गरम पाण्याच्या गंजात म्हणजे पातेल्यात ठेवा, थेट गॅसवर कधीच नाही, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. मेण पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. मेण वितळलं की गॅस बंद करा, गंज खाली उतरवा आणि मग पोरांना बोलवा. सुती दोरा काडीला बांधून मेणात बुडवायचा, लगेच बाहेर काढायचा. पहिल्यांदा हाती काहीच लागत नाही, दोरा नुसता वाकडातिकडा होते, तो कोमट असतानाच दोन बोटांनी ओढून सरळ करा. मग मिनिटभर थांबा, पुन्हा बुडवा. मेण फार गरम असेल किंवा दोरा आत धरून ठेवला तर आधीचा थरच वितळून जाते, तेव्हा घाई नाही. पंचवीस-तीस वेळा बुडवल्यावर कुठं बोटभर जाडीची मेणबत्ती होते. पोरं मध्येच कंटाळतील, कंटाळू द्या, पण पूर्ण करून घ्या, कारण तिकडे हिवाळ्याच्या आधी एका घराला अशा कितीतरी लागायच्या.

जेवायला मक्याच्या पिठाची लापशी. पीठ आधी थंड पाण्यात कालवा म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडा, एका वाटीला सगळं मिळून चार वाट्या पाणी, आणि वीस मिनिटं ढवळत राहा. वरून दूध नाहीतर काकवी. मका लावायला तिथल्या मूळ रहिवाशांनी शिकवलं हेही सांगा.

अभ्यासासाठी हॉर्नबुक बनवा, म्हणजे तिथल्या पोरांची अक्षरं शिकायची पाटी. कपडे धुवायच्या मोगरीच्या आकाराचा पुठ्ठा कापा, त्यावर अक्षरांचा कागद चिकटवा, वर पारदर्शक प्लास्टिक. तिकडे त्या जागी शिंगाचा पातळ पापुद्रा असायचा, म्हणून कागद लवकर फाटायचा नाही. बॉस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६४७ चा कायदाच होता, पन्नास घरं झाली की गावानं मुलांना लिहा-वाचायला शिकवणारा माणूस ठेवायचा.

आता जे बहुतेक जण गाळतात ते. स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास विल्यम्सबर्गमधली निम्मी माणसं कृष्णवर्णीय होती आणि त्यातली बहुतेक गुलाम, लेकरंसुद्धा. मालकाच्या घरातलं पाणी, धुणं, स्वयंपाक हे त्यांच्या आईबापांच्या आणि त्यांच्या अंगावर, आणि आईपासून तोडून विकलं जायची भीती कायम. तिथं १७६० ते १७७४ कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा चालली, अॅन वेगर नावाची बाई शिकवायची. वाचायला शिकवायचे पण सोबत मालकाचं ऐका हेही शिकवायचे. दहा वर्षांच्या पोराला हे समजते, फक्त साध्या शब्दांत सांगा आणि त्याचे प्रश्न टाळू नका. हे सांगायचं नसेल तर बाकीचंही करू नका, नाहीतर पोराला वाटते की ते गाव म्हणजे मजाच मजा.

संध्याकाळी खाली सोसायटीत खेळ. कंचे, भवरा, काठीनं चाक पळवणं, हे सगळं तिकडेही होतं. जुना सायकलचा टायर पुरते, पंक्चरवाल्याकडे मिळून जाते.

उरलेलं मेण मात्र सिंकमध्ये ओतू नका, पाइप जाम होते. डब्यातच थिजू द्या, पुढच्या वेळी कामी येते.