सीमाभागातील मराठी शिक्षकांसाठी दीक्षाचा वापर

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी माध्यमाच्या शाळांत पाठ्यपुस्तक कर्नाटकाचे, परिपत्रके कन्नडमधून आणि इंटरनेटवरील मराठी शैक्षणिक साहित्य मात्र बहुतांशी महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाला धरून तयार झालेले असते. त्यामुळे येथील शिक्षकांनी दीक्षा या शालेय शिक्षणाच्या ऑनलाइन व्यासपीठाचा वापर थोड्या वेगळ्या रीतीने करावा, असे मला वाटते. हे राष्ट्रीय व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले आणि ते मोफत आहे.

प्रथम स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून खाते उघडावे, प्रमाणपत्रावर हवे तसेच नाव लिहावे आणि राज्य म्हणून कर्नाटकच नोंदवावे. त्यानंतर नेहमी त्याच खात्याने लॉगिन करावे, कारण प्रशिक्षणाची प्रगती खात्याशी जोडलेली असते. ‘निष्ठा’ हे शिक्षक प्रशिक्षण २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांतून सुरू झाले आणि २०२० पासून दीक्षावर ऑनलाइन आले. अशा प्रशिक्षणात नावनोंदणीची व पूर्ततेची मुदत ठरलेली असते. केवळ चित्रफिती पाहून प्रमाणपत्र मिळेल असे गृहीत धरू नये. शेवटच्या चाचणीत किती गुण लागतात, हे आरंभीच वाचून घ्यावे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. तरीही महाराष्ट्राच्या यादीतील मराठी प्रशिक्षण आपल्या सेवानोंदीत धरले जाईल का, हे नाव नोंदवण्यापूर्वीच गटशिक्षणाधिकारी कार्यालयात किंवा सीआरपींकडे (केंद्रातील शाळांच्या साधन व्यक्तींकडे) विचारून घेणे शहाणपणाचे.

अध्यापनाचे साहित्य शोधताना मात्र सीमा ओलांडावी. मंडळ म्हणून महाराष्ट्र आणि माध्यम म्हणून मराठी निवडल्यास मराठी पाठ व चित्रफिती समोर येतात. येथे पाठाच्या क्रमांकावर मुळीच विसंबू नये, कारण एकच घटक दोन राज्यांत वेगवेगळ्या इयत्तांत आणि वेगळ्या खोलीने येऊ शकतो. आपले पुस्तक उघडे ठेवून त्यातील संकल्पना, उदाहरणार्थ ‘अपूर्णांकांची तुलना’ किंवा ‘प्रकाशाचे परावर्तन’, शोधावी. चित्रफीत स्वतः शेवटपर्यंत पाहावी आणि तिच्यातील संज्ञा आपल्या पुस्तकातील संज्ञांशी ताडून पाहाव्यात. फरक आढळल्यास दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत, पण परीक्षेत आपल्या पुस्तकातलाच शब्द वापरायचा हे मुलांना स्पष्ट सांगावे. एवढी मेहनत न घेता दाखवलेली चित्रफीत मुलांना मदत करण्याऐवजी गोंधळात टाकते, विशेषतः एसएसएलसीच्या (दहावीच्या) वर्षात. इतिहास, नागरिकशास्त्र आणि परिसर अभ्यासाच्या स्थानिक घटकांना तर कर्नाटकाचेच पुस्तक प्रमाण मानावे.

जांबोटी-कणकुंबीसारख्या डोंगराळ, पावसाच्या पट्ट्यात वर्गात बसून चित्रफीत चालेल याचा भरवसा धरता येत नाही. दीक्षाच्या ॲपमध्ये बरेचसे साहित्य डाउनलोड करून नंतर इंटरनेटविना वापरता येते. म्हणून आठवड्याचे साहित्य तालुक्याच्या गावी किंवा चांगले नेटवर्क मिळेल तिथे आधीच उतरवून घ्यावे.

एकाच केंद्रातील दोन-तीन शाळांनी इयत्ता व विषय वाटून घेतले, तर पडताळणीचा भार बराच हलका होतो. प्रत्येकाने तपासलेल्या चित्रफितीचे नाव, आपल्या पुस्तकातील पाठ आणि बदललेल्या संज्ञा एका सामायिक वहीत नोंदवाव्यात. पुढच्या वर्षी त्या इयत्तेवर येणाऱ्या शिक्षकाला ही वही पहिल्याच दिवशी द्यावी.