लग्नाची यादी, आणि तिच्यात सगळ्यात वर एक मोकळा माणूस

साड्या, दागिने, पत्रिका याबद्दल मी फार बोलणार नाही. ते कुणी विसरत नाही आणि आठवण करून द्यायला घरात दहाजण असतात. पत्रिका मुंबईत गिरगावात खाडिलकर रोडला जाऊन एका सकाळी पसंत करून टाका, साड्यांना हिंदमाता किंवा दादर, मंगळसूत्र नेहमीच्या सराफाकडे. झालं. माझी यादी सुरू होते ती एका माणसापासून. लग्नाच्या दिवशी ज्याच्या वाट्याला एकही विधी नाही, ज्याला बोहल्यावर चढायचं नाही, ज्याचा फोन सतत चालू आहे आणि ज्याच्याकडे पैसे आणि किल्ल्या आहेत असा एक मोकळा माणूस. थोरल्या मुलीच्या लग्नात आम्ही तो नेमला नव्हता. म्हणून एवढं सांगते आहे.

त्या दिवशी कोण कोण अडकलेलं असतं ते मोजून बघा. मुलीचे आईवडील सकाळी ग्रहमखाला, देवकाला बसतात आणि पुढे कन्यादानाला. मामा मुलीला गौरीहरापासून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा असतो. करवली कऱ्यादिव्याला. भाऊ लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, मग कानपिळी. मावश्या, काकू, आत्या ओट्या आणि मानपान बघतात. म्हणजे घरातली जी माणसं एरवी सगळं सांभाळतात, ती सगळीच्या सगळी नेमक्या त्या दोन-तीन तासांत बांधलेली. आणि नेमक्या त्याच वेळी पहिली पंगत बसवायची का ते केटररला हवं असतं, फुलवाल्याला उरलेले पैसे हवे असतात, पाहुण्यांची बस गेटवर अडलेली असते. कन्यादानाचा संकल्प चालू असताना हॉलचे मॅनेजर माझ्या कानाशी वाकून विचारत होते, ‘ताई, खोलीची किल्ली कुठे आहे?’ किल्ली माझ्या कमरेला होती. मुलीचा हात माझ्या हातात होता आणि मी मान वळवून किल्लीबद्दल बोलत होते. ते कन्यादान मला नीट आठवत नाही. असं कुठल्याही आईचं होऊ नये.

तर माणूस कसा निवडायचा? चुलतमावस भावंडांतला नको, त्याला प्रत्येक फोटोत बोलावतात. शेजारी, ऑफिसमधली मैत्रीण, मुलाचा एखादा शांत डोक्याचा मित्र, असं कुणीतरी. महिनाभर आधी घरी जाऊन नीट विचारा, आयत्या वेळी ‘जरा लक्ष ठेव हं’ म्हणून गळ्यात घालू नका. हॉलचा मॅनेजर, केटरर, गुरुजी, फोटोग्राफर, बसवाला, सगळ्यांशी आधी ओळख करून द्या आणि सगळ्यांना बजावून सांगा की त्या दिवशी आमच्याकडे यायचं नाही, यांच्याकडे जायचं. कुणाचे किती पैसे बाकी ते नाव घालून वेगवेगळ्या पाकिटांत भरा आणि ती पाकिटं आदल्या रात्री त्याच्या हातात द्या. त्याला जेवायला कोण बसवणार हेही ठरवा, कारण तोच उपाशी राहतो. मुलाकडच्यांनाही सांगा, त्यांचा एक वेगळा नेमा. दोघांनी एकमेकांचे नंबर घ्यावेत.

आता वार. मुंबईत लग्न रविवारी असेल तर लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा उशिरा, गृहीत धरा. ब्लॉक बहुतेक वेळा सकाळी साडेदहा-अकराला सुरू होतो आणि दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो, म्हणजे दुपारच्या मुहूर्ताची आणि जेवणाची नेमकी वेळ. कुठल्या मार्गावर आहे ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. ते बघून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकणं हे काम कुणाचं? मोकळ्या माणसाचं. बदलापूर, पनवेलहून येणारी म्हातारी माणसं साडी-धोतरात ठाण्याला किंवा कुर्ल्याला प्लॅटफॉर्मवर ताटकळतात आणि अक्षता हुकतात. जमत असेल तर सरळ शनिवार घ्या किंवा त्या बाजूच्यांसाठी एक बस करा. मेकअपवाल्या ताईंना पहाटे आणायला गाडी पाठवा, लोकलच्या भरवशावर राहू नका. त्यांना अर्धा तास उशीर झाला की पुढचा सगळा दिवस अर्धा तास मागे सरकतो, आणि तो भरून काढायला मग मुलीचं जेवण कापलं जातं.

हॉल ठरवताना सजावटीवर तासभर बोलतात आणि होमाचं कुणी विचारत नाही. एसी हॉलमध्ये होम कुठे करू देतात? धुराचा अलार्म आहे का? त्या वेळात एसी बंद ठेवणार का? एप्रिल-मेच्या दमट हवेत शालू नेसून होमासमोर बसलेली मुलगी घामाने निथळते, तिला त्या बाजूला एक पंखा हवा. लिफ्ट चालू असते का, विजेचे पैसे वेगळे का, हॉल किती वाजता रिकामा करायचा, खोलीला कुलूप त्यांचं की आपलं, डिपॉझिट कधी परत, हे सगळं पावतीवर लिहून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल हो’ म्हणतील, ते ऐकू नका.

गुरुजींना आधी भेटा आणि सामानाची यादी त्यांच्याकडूनच घ्या, इंटरनेटवरची नको. कुठल्या विधीला किती वेळ लागतो तेही विचारून लिहून ठेवा. अंतरपाट ते आणणार की आपण, हे स्पष्ट विचारा. प्रत्येक घराला वाटतं तो समोरचे आणतील. सामानाच्या पिशव्या विधीवार करा, ग्रहमखाची वेगळी, गौरीहराची वेगळी, होमाची वेगळी, झालीची वेगळी, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. एकाच मोठ्या खोक्यात सगळं भरलं की सुपारीसाठी तूप सांडतं. आणि या पिशव्या कुणाच्या ताब्यात? पुन्हा तेच सांगते, मोकळ्या माणसाच्या. मामीकडे नको, मामी गौरीहराजवळ बसलेली असते. हार दादरच्या फुलबाजारातून पहाटे आणले तर ताजे आणि स्वस्त मिळतात, पण तिथे जाणारा माणूस हळदीच्या रात्री जागलेला नसावा. मुंडावळ्यांचा एक जोड जास्तीचा घ्या, त्यांचा दोरा तुटतो.

मुलामुलीच्या खाण्याचं नीट ठरवा. काही घरांत लग्न लागेपर्यंत उपास धरतात. धरायचाच असेल तर दूध, फळं, सरबत चालतं का ते घरातल्या मोठ्यांना आधी विचारून घ्या, वाद त्या दिवशी नको. उपाशी पोटी धुरात बसून मुलींना चक्कर येते, हे मी एकापेक्षा जास्त मांडवांत पाहिलं आहे. लग्न लागल्यावर लगेच स्टेजवर पाकिटं घ्यायला उभं करू नका. मध्ये तासभर दार लावून दोघांना जेवू द्या, पाय मोकळे करू द्या, एकमेकांशी चार शब्द बोलू द्या. पाहुणे थांबतात, त्यांच्यापुढे मसालेभात आणि जिलबी असते. दिवस निवांत जावा असं खरंच वाटत असेल तर हा तास वेळापत्रकात लिहा, आणि त्या वेळी दारावर कुणाला उभं करायचं ते आता तुम्हाला मी सांगायला नको. फोटोग्राफरला घरच्या फोटोंची यादी नावांसकट द्या, नाहीतर आजीचा फोटो राहतो. मुहूर्त फोटोसाठी थांबणार नाही, हेही त्याला आधीच सांगा.

जेवणाची ताटं मोजायला आपल्या बाजूचं कुणीतरी हवं. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलेल्या प्रत्येक ताटाचे पैसे लागतात, आणि संध्याकाळी थकलेल्या वडिलांसमोर केटरर जो आकडा ठेवतो तो ते मुकाट्याने मान्य करतात. प्रत्येक पंगतीनंतर किंवा दर तासाला केटररच्या माणसाबरोबर आकडा लिहायचा आणि दोघांनी सही करायची. मोकळा माणूस असेल तरच हे होतं, नसेल तर होत नाही.

पुढचं थोडक्यात. आहेराची पाकिटं एकाच कुलूपबंद पिशवीत, दागिने उतरवले की लगेच डब्यात आणि डबा थेट घरी. रुखवत आवरायला दोघीजणी आधीच सांगून ठेवा. समया, ताम्हन, पाट, कलश मोजून नेले तसे मोजून आणा. बँड, डीजे रात्री 10 ला बंद, त्यानंतर उघड्यावर लाउडस्पीकर कायद्याने चालत नाही, त्यामुळे वरात लवकर काढा. गृहप्रवेशाचं माप आणि लक्ष्मीपूजनाची ताटं घरी राहणाऱ्या कुणीतरी दुपारीच मांडून ठेवावीत.

आणि नोंदणी. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर 90 दिवसांत ती करायची असते. तीन साक्षीदार लागतात, शिवाय लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती आणि सही लागते. गुरुजी दक्षिणा घेऊन निघण्याआधी त्यांचं पूर्ण नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत घ्या, नंतर सीझनमध्ये ते सापडत नाहीत. अर्ज आदल्या आठवड्यात भरून ठेवलात तर सहीही तिथेच होते. पत्रिकेच्या दोन-चार प्रती बाजूला काढा. हा सगळा कागदांचा फोल्डर, हॉलच्या पावतीसकट, त्या दिवशी मोकळ्या माणसाच्या पिशवीत.